मध्यावर घट्ट, कडेला मोकळं

मुलुंडला लालबहादूर शास्त्री मार्गाच्या आतल्या अंगाला एक जुनी औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या तळमजल्यावरच्या एका गाळ्यात, लाकडी टेबलावर वर्तमानपत्र पसरून, डिझेलनं धुतलेले काही भाग ओळीनं मांडले होते. बिडाचं एक जाड घर. खालच्या टोकाला गोल फिरत जाणारी खाच असलेली एक लांब दांडी. दोन निमुळत्या खुंट्या असलेला एक आखूड हात. गनमेटलचे बुश, वाटीभर छर्रे, कागदासारख्या पातळ शिम. एवढा ऐवज एकत्र आला की त्याला स्टिअरिंग बॉक्स म्हणतात. हा माझ्या विलिज सीजे-३बी जीपचा होता. वर्षानुवर्षं ज्याच्या भरवशावर गाडी हाकली, त्याचं अंतरंग मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

एखादी बंदिश नुसती ऐकणं वेगळं आणि तिची बांधणी कळल्यावर ऐकणं वेगळं. त्या टेबलाशी उभा राहिल्यावर माझ्या हातांचं तसं झालं. स्टिअरिंग जड आहे, हलकं आहे, ढिलं आहे, एवढीच भाषा मला तोवर येत होती. ही वस्तू त्याहून कितीतरी बारकाईनं बोलते. तिचं बोलणं जसं समजलं तसं मांडावं, म्हणून हा प्रपंच.

आधी तिचं कुळ. हा बॉक्स रॉस जातीचा. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या लाफायेत गावी डेव्हिड रॉस यांनी १९०६ साली काढलेल्या कंपनीची ही ओळख. लष्करी जीप १९४१ पासून याच जातीच्या बॉक्सवर धावली, आणि १९५३ साली आलेल्या सीजे-३बीनंही तोच वारसा पुढे चालवला. उंच हरिकेन इंजिन बसावं म्हणून तिचं बॉनेट वर उचललेलं, म्हणून ती इतर जीपांपेक्षा ताठ मानेची दिसते. अमेरिकेत तिचं उत्पादन १९६८ साली थांबलं. आपल्याकडे महिंद्रनं माझगावात जीपांची जुळवणी सुरू केली, पुढे कांदिवलीच्या आकुर्ली रोडवरचा कारखाना उभा राहिला, आणि हा उंच नाकाचा चेहरा तिकडे संपल्यावरही इथे कितीतरी वर्षं तयार होत राहिला. मागच्या पत्र्यावर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ अशी पाटी रंगवलेल्या जीप ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही गाडी परकी वाटणारच नाही. बोरिवली-कांदिवलीच्या माणसाला तर ती घरचीच.

आता रचना. चालकाच्या हातातल्या चाकाची दांडी खाली बॉक्समध्ये उतरते. तिच्या टोकाला जाड दंडगोल, आणि त्यावर स्क्रूच्या आट्यांसारखी रुंद खाच. हिला मिस्त्री ‘वर्म’ म्हणतात. या खाचेत आडव्या हाताच्या दोन खुंट्या बसतात. चाक फिरलं की खाच फिरते, खाच खुंट्यांना पुढे किंवा मागे ढकलते, खुंट्यांचा हात आपला शाफ्ट फिरवतो, आणि शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला घट्ट बसलेला पिटमन आर्म ड्रॅग लिंक ओढतो. तिथून बेल क्रँक, टाय रॉड आणि शेवटी चाकं. हातांचं गोल फिरणं खुंट्यांपाशी सरळ सरकणं होतं आणि शाफ्टपाशी पुन्हा गोल फिरणं होतं. शक्तीचं हे दुहेरी भाषांतर मुठीएवढ्या जागेत होतं.

दोन खुंट्या कशाला, एक का नाही? या बॉक्सची पहिली सुंदर जागा ही. गाडी सरळ चालली असेल तेव्हा दोन्ही खुंट्या खाचेत असतात आणि भार वाटून घेतात. चाक टोकाकडे वळत गेलं की एक खुंटी हळूच खाचेबाहेर पडते आणि दुसरी एकटी काम करते. पण तेव्हा तिची जागा अशी असते की तिची तरफ वाढते. म्हणून या बॉक्सचं गुणोत्तर एकच नाही. मध्याजवळ चाक साधारण १२ अंश फिरवलं की खालचा शाफ्ट १ अंश फिरतो, टोकांकडे त्यासाठी १४ अंश फिरवावं लागतं. सरळ रस्त्यावर गाडी चटकन ऐकते. गल्लीत उभी करताना, जिथे मनगटाला खरा जोर लागतो, तिथे चाक थोडं जास्त फिरवावं लागतं पण हलकं पडतं. ना पंप, ना वीज. फक्त दोन खुंट्यांनी आपापली पाळी ओळखलेली.

दुसरी जागा त्याहून सूक्ष्म आहे, आणि माझ्या मते या वस्तूचा सगळा रस तिच्यात साठलेला आहे. खाचेची खोली सगळीकडे सारखी नसते. गाडी सरळ असताना खुंट्या जिथे टेकतात, तिथे कारागिरानं ती मुद्दाम किंचित उथळ ठेवलेली असते. निमुळती खुंटी उथळ जागी आली की घट्ट बसते, खोल जागी गेली की तिला श्वास मिळतो. त्यामुळे स्टिअरिंग मध्यावर घट्ट आणि कडेला मोकळं राहतं. मध्यावर ढिलाई नको, कारण तिथे गाडीचा वेग जास्त असतो आणि बोटभर चुकलं तरी गाडी शेजारच्या ओळीत जाते. कडेला घट्टपणा नको, कारण वळण संपल्यावर चाकाला आपोआप परत यायचं असतं. पुढच्या चाकांच्या वळण्याचा अक्ष, म्हणजे किंगपिन, वरच्या टोकाला मागे झुकलेला असतो, विलिजमध्ये तो झुकाव सुमारे ३ अंशांचा. त्या झुकावामुळे चाकं स्वतःहून सरळ होऊ पाहतात. बॉक्सनं त्यांची वाट अडवायची नाही. कुठे धरायचं आणि कुठे सोडायचं, हे शहाणपण इथे पोलादात कोरून ठेवलेलं आहे.

आणि झीज नेमकी याच शहाणपणावर येते. गाडी आयुष्यातला बहुतेक काळ सरळच चालते. म्हणून जी जागा मुद्दाम उथळ ठेवली, तीच सर्वांत आधी घासून खोल होते. कडेची खाच मात्र जवळजवळ नवीच राहते. जुना बॉक्स हळूहळू उलटा होतो, मध्यावर ढिला आणि कडेला घट्ट. खुंट्यांच्या कुशीला चपटे डाग पडतात. शाफ्टचे बुश अंडाकृती होतात. ऑइल सील सुकतं, तेल गळतं, आणि उघड्या जीपमध्ये चार महिन्यांचा पाऊस कॉलमवाटे आत झिरपतो. माझ्या बॉक्समधून निघालेलं तेल दुधाच्या कॉफीच्या रंगाचं होतं.

या झिजेवरचा सोपा उपाय बॉक्सच्या बाजूच्या झाकणावरच दिसतो: एक स्क्रू आणि त्याचा लॉकनट. स्क्रू आत घेतला की शाफ्ट आत सरकतो, खुंट्या खाचेत खोल जातात, आणि प्ले, म्हणजे चाकाची रिकामी हालचाल, गेल्यासारखा वाटतो. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजात माझ्या गाडीचा प्ले असाच दहा मिनिटांत ‘काढला’ गेला. चाक हलायचं थांबलं म्हणून मी खूश. आरे वसाहतीतल्या झाडांखालच्या पहिल्याच वळणावर चाक वळलं आणि वळलेलंच राहिलं. मला ते ओढून सरळ करावं लागलं. स्क्रू पिळताना झिजलेल्या मध्याचं माप धरलं गेलं होतं, आणि न झिजलेल्या कडेवर खुंट्या दाबून बसल्या होत्या. गाडीचा परतायचा स्वभावच त्यात दबून गेला होता.

मुलुंडच्या मिस्त्रींनी सुरुवातच वेगळी केली. मी बॉक्सबद्दल सांगायला लागलो तर ते म्हणाले, “साहेब, बॉक्स नंतर. आधी वर बसा आणि चाक थोडं थोडं हलवत राहा.” स्वतः पुठ्ठा टाकून गाडीखाली गेले आणि एकेका सांध्यावर हात ठेवत गेले. टाय रॉडची टोकं, ड्रॅग लिंकचे बॉल, बेल क्रँकचा पिन, किंगपिनचे बेअरिंग, बॉक्स ज्या बोल्टांनी चेसिसला धरलाय ते बोल्ट. खुंटा हलवून बळकट करावा म्हणतात, तो वाक्प्रचार मी पहिल्यांदा शब्दशः घडताना पाहिला. एका टोकाला हालचाल, दुसऱ्या टोकाला हात, आणि दोघांमध्ये हालचाल कुठे हरवते त्याचा शोध. बाहेर आले तेव्हा हिशेब तयार होता. निम्मा प्ले बेल क्रँकचा, थोडा टाय रॉडच्या एका टोकाचा, आणि उरलेला बॉक्सचा. सगळा दोष बॉक्सवर टाकून स्क्रू पिळला असता, तर दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा त्याला मिळाली असती.

जडपणाचंही तसंच. जुन्या जीपला ६.०० बाय १६ मापाचे अरुंद टायर असत. आता हौसेनं रुंद रेडियल लावले जातात, हवा कमी ठेवली जाते, आणि मग स्टिअरिंग जड झाल्याची तक्रार होते. पुढची चाकं आतल्या बाजूला किती वळलेली असावीत, म्हणजे टो-इन, ते विलिजच्या मापात इंचाच्या ३/६४ ते ३/३२ एवढंच असतं. ते चुकलं तरी हात दुखतात. बॉक्स उघडण्याआधी ही सगळी पानं वाचावी लागतात.

मग बॉक्स उघडला. जिथे बदलायचं तिथे बदललं, जिथे राखता येईल तिथे राखलं. खुंट्या झिजल्या म्हणून त्यांवर वेल्डिंगचा थर चढवून घासायची पद्धत काही जण वापरतात. मिस्त्रींनी ती नाकारली. खुंटीचं आणि वर्मचं पोलाद वरून कडक केलेलं असतं. कडक कातडी पातळ, आत मऊ गाभा. वेल्डिंगची उष्णता त्या कातडीचा कडकपणा घालवते, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुन्हा तोच खड्डा पडतो. खाच आणि खुंट्या दोन्ही नव्या, आणि जोडीनंच घ्यायच्या. कारण नवी खुंटी जुन्या खाचेत बसवणं म्हणजे जुन्या भांडणात नवा माणूस पाठवणं. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या दुकानांतून शोधून आणले. तिथे एक वर्म हातात घेऊन तो नखानं खाचेच्या मध्यावर आणि मग कडेला घासून पाहायला मी तोवर शिकलो होतो.

बुशचं काम टर्नरकडे गेलं. शाफ्टला आधार देणारे दोन बुश एकाच रेषेत हवेत. एक जरासा वाकडा गेला तरी शाफ्ट एका जागी अडतो आणि दुसऱ्या जागी डुलतो. म्हणून ते आधी घरात दाबून बसवले आणि मग एकाच लांब रीमरनं दोन्ही एका दमात रीम केले. मोजणी थाऊत, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. घराच्या तोंडाशी जुन्या सीलऐवजी आजच्या रबराचं स्प्रिंगवालं ऑइल सील बसवलं. ही सुधारणा बाहेरून दिसत नाही, कुणी तिचं कौतुक करणार नाही, आणि बॉक्सचं आयुष्य कदाचित सर्वांत जास्त तिनंच वाढतं. आत गिअर ऑइलच भरलं. सील गळतं म्हणून ग्रीस ठासण्याची सवय सगळीकडे आहे, पण खुंटीनं बाजूला सारलेलं घट्ट ग्रीस परत येत नाही. तेल वाहत येतं आणि प्रत्येक फेऱ्याला खाच ओली राहते.

शेवटी जुळवणी, आणि तिचा क्रम ठरलेला. आधी वर्मची लांबीच्या दिशेची ढिलाई काढायची, ती शिम कमी-जास्त करून. छर्रे सहज फिरावेत पण दांडी वर-खाली हलू नये. ते झाल्याशिवाय बाजूच्या स्क्रूला हात लावायचा नाही. मग ड्रॅग लिंक सुटी ठेवूनच चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजत न्यायचं, निम्म्या फेऱ्यांवर परत यायचं. तो खरा मध्य. तिथे स्क्रू हलकेच आत घ्यायचा, चाक मध्यावरून इकडून तिकडे न्यायचं, पुन्हा थोडा घ्यायचा. मध्य ओलांडताना बोटांना अगदी किंचित ओढ जाणवली की थांबायचं आणि लॉकनट आवळायचा.

ती ओढ मोजायला गेज वापरता येतो. मिस्त्री दोन बोटांनीच मोजतात. पाहताना मला मिरजेच्या तानपुऱ्याची जवारी आठवली. घोडीवर तारेखाली सुताचा जीव सरकवत कारागीर अशी जागा शोधतो, की तार घोडीला स्पर्शही करेल आणि मोकळीही राहील. जरा पुढे गेला तर तार मुकी होते, जरा मागे आला तर कोरडी वाजते. स्टिअरिंग बॉक्सची जुळणीही अशीच लागते. सगळी ढिलाई मारणं हे ध्येय नाही. प्रत्येक जागी तिच्या वाट्याची मोकळीक राहिली पाहिजे.

आता सुधारणेचा प्रश्न. जुन्या गाडीला अधिक चांगला बॉक्स बसवावा का? पहिला पर्याय रिसर्क्युलेटिंग बॉल बॉक्सचा. जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ विभागानं तो घडवला आणि १९४० च्या कॅडिलॅकपासून तो नावारूपाला आला. रॉसमध्ये खुंटी खाचेत घासत सरकते. इथे स्क्रू आणि नट यांच्यामध्ये पोलादी छर्रे गडगडत जातात, टोकाला पोचले की नळीतून मागे येऊन पुन्हा रांगेत लागतात. घासण्याऐवजी गडगडणं, म्हणून चाक हलकं आणि झीज कमी. मला भावलं ते याच्या पुढचं. या बॉक्सच्या सेक्टरचे, म्हणजे शाफ्टवरच्या दातेरी तुकड्याचे, मधले दातही बाजूच्यांपेक्षा किंचित भरलेले असतात, म्हणजे मध्यावर घट्ट आणि कडेला मोकळं हा न्याय त्यानंही जपला आहे. घराणं बदललं तरी समेची जागा तीच राहिली. म्हणून जास्त फिरणाऱ्या जीपसाठी ही सुधारणा मला मान्य आहे, अट एवढीच की पिटमन आर्मची लांबी आणि ड्रॅग लिंकचा कोन मूळ रचनेला साजेसा राहावा. तो बिघडला तर खड्ड्यात चाक वर-खाली होताना गाडी आपोआप वळायला लागते.

दुसरा पर्याय पॉवर स्टिअरिंगचा. वय झालेल्या खांद्यांना त्याची गरज असू शकते, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण पंपासाठी ब्रॅकेट, वेगळा पट्टा, होज, आणि हातापेक्षा कितीतरी मोठा जोर त्या जुन्या चेसिसवर येणार. जुन्या जीपच्या चेसिसला बॉक्सच्या बोल्टांपाशी तडे जाण्याचा धोका असतोच. तिथे आतून पट्टी न लावता पंपाचा जोर घालणं धोक्याचं आहे. शिवाय रस्ता बोलायचा थांबतो. चांगला हाती बॉक्स ना सगळं हातापर्यंत पोचवतो, ना सगळं अडवतो. खड्ड्याचा तडाखा तो गिळतो, डांबर संपून खडी लागल्याची वार्ता तो कळवतो. खाचेचा तिरपेपणा त्यासाठीच ठरवलेला असतो. फार हलक्या स्टिअरिंगमध्ये ही वार्ताच नाहीशी होते.

कायद्याचीही एक बाजू आहे. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली. त्या क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं येतात. त्यासाठी गाडी मूळ रूपात राखलेली आणि मोठे फेरफार न झालेली असावी लागते. या वाटेनं जाणाऱ्यानं निदान मूळ बॉक्स भंगारात घालू नये. तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवावा.

या गाळ्यात जीपखेरीज दोन गाड्या नेहमी दिसतात. एक पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही उपनगरचीच लेक. तिच्या बॉक्समध्येही वर्मच. काळ्यापिवळ्या रंगात तिनं घाटकोपर-अंधेरीच्या गर्दीत दिवसाला किती वळणं घेतली असतील आणि तिच्या चालकांच्या मनगटांनी त्या बॉक्सचे किती बारकावे जाणले असतील! मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. घरगुती पद्मिन्या मात्र अजून येतात. दुसरी अँबेसेडर. तिला बॉक्सच नाही, तिला रॅक आणि पिनियन, सरळ दात्यांची पट्टी आणि तिच्यावर फिरणारं दातेरी चाक. तिचा सूर थेट असतो; मध्ये कुणी दुभाष्या नाही. रॉस ऐकल्यावर तो वेगळा राग वाटतो, आणि दोन्ही आवडायला काही हरकत नसते.

जीप परत मिळाली त्या रविवारी पहाटे पवईमार्गे आरेत शिरलो. त्याच वळणाशी पोचलो. चाक वळवलं, टोकाकडे ते हलकं होत गेलं, एका खुंटीनं काम दुसरीवर सोपवल्याची जागा कळल्यासारखी वाटली. वळण संपलं तशी मी पकड सैल केली. चाक बोटांखालून सरकत मागे आलं, मध्यावर पोचलं, आणि तिथे, अगदी हलक्या ओढीनं, स्वतःच थांबलं.

पुढे थांबून खाली वाकलो आणि शाफ्टच्या सीलला बोट लावून पाहिलं. कोरडं होतं.